डावा कान

थांबा, आधी ते दार लावा. आणि मधे कुणी बोलायचं नाही हं, माझा राग अजून ताजा आहे, निवला की मला नीट सांगता येणार नाही.

तर तुम्हाला माहीत आहे, मी आणि ताई एकाच स्टुडिओत. पडद्यावर इंग्रज बाई ओठ हलवते, त्या ओठांवर बसेल असं आपल्या भाषेतलं वाक्य मी शोधायचं आणि ताईनं ते म्हणायचं. बाईचे ओठ मिटले की आपलेही मिटले पाहिजेत, तिनं आ केला की आपलाही आ. ऐकायला सोपं वाटतं, करायला बसा म्हणजे कळेल. घरी आरशासमोर उभी राहून मी एकेक वाक्य शंभर वेळा पुटपुटते. बाबा म्हणतात, या पोरीला कुणी बघायला आलं तर आधी आरसा झाका.

आणि आमचे दिग्दर्शक म्हणजे पुन्हासर. खरं नाव आता त्यांनाही आठवत नसेल. दिवसभर काचेमागून एकच शब्द, "पुन्हा!" तर या पुन्हासरांचा एक नियम आहे. ज्यानं संवाद लिहिले त्यानंच ते आधी चित्राबरोबर वाचायचे आणि रेकॉर्ड करायचे, ओबडधोबड, नुसता वेळ जुळतोय का ते कळायला. त्याला आम्ही 'कच्चं' म्हणतो. मग आवाज देणारा खोलीत उभा राहतो. त्याच्या उजव्या कानात मूळ इंग्रजी, डाव्या कानात कच्चं, आणि दोघांच्या मधून वाट काढत तो बोलतो.

कळलं का? म्हणजे ताईच्या डाव्या कानात मी. कायम मी. लहानपणी आम्ही दोघी एकाच पलंगावर झोपायचो, तेव्हाही मी डाव्या बाजूला, आणि डोळा लागेपर्यंत तिच्या कानात बडबड. आई ओरडायची, "अगं, तिचा कान गळून पडेल!" तर तो कान माझा. सातबारा माझ्या नावावर. असं मी धरून चालले होते.

मग आली ती गढीची मालिका. एक थोरली बाई आहे, विधवा, गढीच्या किल्ल्या तिच्या कमरेला, आणि भाचेमंडळी टपून बसलीयत. बाईंचा आवाज अर्थात ताईचा. पण सगळी माणसं बोलतात जुन्या इंग्रजीत. आजच्या इंग्रजांच्या पणजीला विचारलं तरी ती म्हणेल, जरा माझ्या आईला विचारून सांगते, इतकं जुनं. मी काय घाबरते? एक शब्द यायचा 'परचान्स', म्हणजे कदाचित. पण 'परचान्स' म्हणताना ओठ आधी मिटतात, 'कदाचित'ला मिटत नाहीत. मी लिहिलं 'बहुधा'. ब! ओठ मिटले! पुन्हासर त्या दिवशी 'पुन्हा' म्हणायचे विसरले. ताईनं खोलीतूनच मला अंगठा दाखवला. असे दिवस होते.

आणि मग कोकरांनी घात केला.

एका भागात थोरली बाई खिडकीशी उभी राहून गाणं म्हणते, त्यात 'सिली' कोकरं येतात. आता सिली म्हणजे काय, सांगा बरं? मूर्ख, खुळचट. मीही तेच लिहिलं. भाग गेला, लोकांनी पाहिला, आणि मालिकेच्या मालकांकडून निरोप आला की तुमच्याकडे जुन्या शब्दांचा जाणकार कुणी नाही का? का, तर जुन्या कवितेत सिली म्हणजे मूर्ख नव्हेच. निष्पाप, गरीब बिचारी, ज्यांना कुणीही उचलून नेईल अशी. मेंढरांना तर हा शब्द नेहमीचाच. पुन्हासर म्हणाले, "काय गं, त्या कोकरांनी तुझं काय खाल्लं होतं?" सगळे हसले. ताईपण. ते मी लक्षात ठेवलं.

दुसऱ्या आठवड्यात हा हजर.

वय माझ्याएवढंच, मिशी अजून विचार करतेय यावं की नाही. अंगात इस्त्रीचा सदरा, काखेत उशीच्या अभ्र्यात घातलेलं काहीतरी जाडजूड. मला वाटलं डबा असेल. शब्दकोश निघाला! त्यात म्हणे प्रत्येक शब्दाचा आजचा अर्थ, त्याआधीचा, त्याच्याही आधीचा, आणि कुठल्या नाटकात, कुठल्या कवितेत कुणी कसा वापरला त्याच्या ओळी. तो पुस्तक उघडायच्या आधी हात धुऊन यायचा. बटणदादा, म्हणजे आमचे रेकॉर्डिंग करणारे, त्यांनी तिथल्या तिथं नाव ठेवलं, पणजोबा. आणि तो चिडला का? नाही. म्हणतो, "चालेल की, घरात मी धाकटा आहे, तेवढाच मान." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

पहिल्याच दिवशी माझं पान त्याच्या हातात. थोरली बाई आपल्या धाकट्या बहिणीला म्हणते, "माय फॉन्ड सिस्टर." मी लिहिलं होतं, 'माझी लाडकी बहीण'. त्यानं घसा खाकरला.

"इथं लाडकी नाही बसणार. त्या काळात फॉन्ड म्हणजे खुळी. वेड्यासारखा जीव लावणारी, म्हणून खुळी. लाड वगैरे नंतर आले."

"अर्थ राहू दे," मी म्हटलं, "ओठ बघ. खुळीला ओठ कुठं मिटतायत?"

"मूळ शब्दालाही पूर्ण मिटत नाहीत, लाडकीलाही नाहीत. आणि तसंही त्या पाठमोऱ्या उभ्या आहेत."

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. बाई खरंच पाठमोरी. मी ते वाक्य आरशासमोर पाठ करून आले होते आणि बाईला तोंडच नव्हतं! ताई आतून म्हणाली, "माझी खुळी बहीण. अय्या, छान वाटतंय गं म्हणायला." आणि काचेतून माझ्याकडे बघून हसली. प्रेमानंच हसली असेल. मला नाकाला मिरच्या झोंबल्या.

मग पुन्हासरांनी वाटणी केली. थोरल्या बाईंचे प्रसंग पणजोबाकडे, "काही दिवस, बघू या." आणि मला काय? पहारेकरी, घोडेवाले, स्वयंपाकीण. 'कोण आहे तिकडे!' 'गाडी जुंपा!' 'रस्सा करपला!' मी म्हटलं, सर, याला लेखक कशाला लागतो? ते म्हणाले, पुन्हा. म्हणजे तो विषय पुन्हा काढू नकोस.

आणि ताईच्या डाव्या कानात तो गेला.

हसू नका! तुम्हाला कळत नाहीये. मी काचेच्या अलीकडे बसलेली, हातात थंड झालेला चहा, आणि आत ताई डोळे मिटून त्याचं कच्चं ऐकतेय. मान किंचित डावीकडे कललेली. ती माझं ऐकताना कलायची नाही हो! आणि मग तोंड उघडलं की असा आवाज यायचा... आपलीच ताई, घरी पोळी करपली तर माझ्यावर ढकलणारी, ती एकदम शंभर खोल्यांची मालकीण व्हायची. बटणदादांच्या अंगावर काटा. पुन्हासर दोन-दोन वाक्यं 'पुन्हा'शिवाय जाऊ द्यायचे. आणि माझ्या अंगाचा तिळपापड. कारण सरळ हिशोब होता ना, माझे शब्द होते तेव्हा ती चांगली होती, याचे आले आणि ती थोर झाली.

वर तो तिला काय म्हणायला लागला? आधी मॅडम. मग थोरल्या बाई. आणि एका सकाळी खुशाल, "ताई, पाणी आणू?"

माझ्या ताईला ताई! मी म्हटलं, "तुला स्वतःची नाही का रे बहीण?"

"नाही," तो म्हणाला. "तीन भाऊ आहेत."

पण म्हणून काय कुणाचीही उचलायची?

घरी तरी सुटका असेल म्हटलं, तर जेवताना ताईचं सुरू. "आई, आज नॉटीची गंमत कळली. आपण खट्याळ म्हणतो ना, पूर्वी त्याचा अर्थ होता ज्याच्यापाशी काहीच नाही तो. मग झाला ज्याच्यापाशी चांगुलपणा नाही तो, म्हणजे दुष्ट, नीच. जुन्या नाटकात कुणाला नॉटी म्हटलं तर तलवारी निघायच्या."

आईनं माझ्या ताटात भाजी वाढली आणि म्हणाली, "म्हणजे हिच्या बाई शाळेत हिला नॉटी म्हणायच्या ते अभ्यास करूनच."

बाबा ठसका लागेपर्यंत हसले. आणि ताई म्हणते कशी, "उद्या त्याला सांगते हे." त्याला सांगते! आमच्या घरातला विनोद, आमच्या ताटातला, उचलून त्याला नेऊन देणार!

मग मी ठरवलं. काट्यानं काटा. तुला जुने शब्द येतात? मला तुझ्यापेक्षा जुने येतील. मी वाचनालयातून आणता येतील तितकी जुनी पुस्तकं आणली, इंग्रजीही आणि आपलीही. नुसते अर्थ नाही, कुठल्या पात्रानं कुठल्या वेळी कसा वापरलाय तेही. 'अलास', म्हणजे हाय रे दैवा, कोण म्हणतं आणि कोण नुसतं म्हणल्यासारखं करतं. 'मीथिंक्स', म्हणजे मला वाटतं, असं म्हणणारा खरंच विचार करत असतो की समोरच्याला टोमणा मारत असतो. आणि त्याला तोलामोलाचे आपले शब्द. खचित. सांप्रत. तस्मात. किमपि. यःकश्चित. माझ्या तोंडात तेच बसले. एका सकाळी मी बाबांना विचारलं, "सांप्रत चहा घेणार की तदनंतर?" बाबा आईला म्हणाले, "हिचं कपाळ बघ गं जरा, गरम आहे का."

मधल्या काळात पणजोबा माझ्याशी चांगलंच वागत होता, तेही मला खुपत होतं. एकदा म्हणाला, "तुमचं ते 'बहुधा' फार आवडलं मला. मी असतो तर 'न जाणो' लिहिलं असतं, आणि ओठ उघडेच राहिले असते." मी म्हटलं, "शब्दकोशात लिहून ठेव." खरं तर मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की दिवसभर स्वयंपाकिणीचे संवाद मी गुणगुणत लिहिले. पण त्याला कशाला कळू द्या?

आणि मग शेवटचा भाग आला.

प्रसंग असा. भाच्यांनी गढी बळकावलीय. थोरल्या बाईंना दूर कुठेतरी पाठवून द्यायचं ठरलंय, खाली गाडी उभी. बाई आजारी, पलंगावर. धाकटी बहीण पायाशी. बाई तिला काही काही सांगते आणि खालून दासी हाक मारते, गाडी थांबलीय, चला. बाई म्हणते, "अनॉन, अनॉन." तेवढंच. डोळे उघडेच राहतात. संपली मालिका.

पुन्हासरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. "दोघंही लिहा. दोघांचंही कच्चं करा. हिची ताई दोन्ही बोलून बघेल. ज्याचं उभं राहील, पुढच्या मालिकेत तिचं सगळं त्यानं लिहायचं. मला रोजची ही तोंडं बघवत नाहीत." तोंडं म्हणजे एकच तोंड, माझं.

समजलं ना काय पणाला लागलं होतं? पुढची मालिका भली मोठी. म्हणजे तो कान हातचा गेला की गेलाच.

तेवढ्यात पणजोबानं अभ्रा सोडला. "अनॉनची मोठी मजा आहे, सर. मुळात त्याचा अर्थ एका झटक्यात, या क्षणी. पण जुन्या नाटकांत खानावळीतले नोकर गिऱ्हाइकानं हाक मारली की आतूनच ओरडायचे, अनॉन, अनॉन! आणि यायचे नाहीत. लोकांनी इतकी वाट पाहिली, इतकी वाट पाहिली, की शब्दाचा अर्थच ढिला पडला. 'लगेच'चं 'होईल हळूहळू' झालं."

ताई खळखळून हसली. "म्हणजे माणसांच्या आळसानं शब्द म्हातारा झाला!"

मी मनात म्हटलं, हस. आता बघच.

लिहिलं मी. काय लिहिलं! एक वाक्य साधं म्हणून ठेवलं नाही. 'खचित, भगिनी, या यःकश्चित देहास्तव तू किमपि शोक न करावा.' आणि अनॉनला, ऐका हं, 'त्वरित, त्वरित, पातले मी!' पातले! मला वाटलं सगळे चक्कर येऊन पडतील. कच्चं करायला बसले तेव्हा तर मी जीव ओतला. हुंदके दिले, श्वास तुटवला, शेवटच्या 'मी'ला असा कंप दिला की बटणदादांनी बाहेरून विचारलं, "बरं वाटतंय ना?"

रेकॉर्डिंगच्या दिवशी पहिला नंबर माझा. ताई आत गेली. सवयीप्रमाणे हिरव्या सफरचंदाचा एक तुकडा चावला, त्यानं तोंडातली चिकचिक जाते. कानाला हेडफोन लावले. मी काचेला नाक लावून उभी.

तिनं सुरुवात केली आणि मला काहीतरी खटकायला लागलं. हुंदका आला तो माझाच. श्वास तुटला तोही माझाच, तिथंच, तेवढाच. 'यःकश्चित'ला ती अडखळली, 'पातले'ला तिला हसू फुटलं, तिनं ते खोकल्यात दडवलं. पुन्हासरांनी बटण दाबून म्हटलं, "अगं, ही थोरली बाई नाही. ही तुझी धाकटी बहीण मरतेय." बटणदादा खाली बघायला लागले. माझे कान पेटले.

मग त्याचं. आणि मला सांगायला लाज वाटत नाही, ते सुंदर होतं. शब्द असे की हातात घेऊन बघावेत. ताईचा आवाज त्यावरून पाण्यासारखा गेला. 'सत्वर येते, सत्वर.' संपलं. मी पुन्हासरांकडे बघितलं, म्हटलं, झालं, गेला कान. तर ते डोकं हलवतायत.

"छान. फार छान. पण मरतेय कुठं ही? ही तर बक्षीस घ्यायला चाललीय." मग उठले. "जेवून घ्या. दोघांपैकी कुणाचंच नाही. पुन्हा."

ताई आणि मी बाहेरच्या व्हरांड्यात बसलो. तिनं डबा उघडलाच नाही, चपला काढून पाय बाकावर घेतले. मी न राहवून म्हटलं, "त्याचे शब्द जास्त आवडतात ना तुला? सांग सरळ."

"शब्द?" ती म्हणाली. "शब्दांचं कोण बोलतंय?"

"मग त्याच्या वेळी तुझा असा आवाज कसा लागतो? माझ्या वेळी का नाही लागत?"

सांगू की नको असं करत ती म्हणाली, "त्याचं कच्चं ऐकलंयस कधी?"

नव्हतं ऐकलं. मी कशाला ऐकेन?

"तो असं वाचतो गं, जसं विजेच्या मीटरवरचे आकडे. सपाट. ना सुख ना दुःख. मला वाटतं, अरे देवा, या बिचाऱ्या वाक्याला कुणीच नाही, आता मलाच बघितलं पाहिजे. आणि तू? तू माझ्या आधीच रडून, मरून, मोकळी होतेस. तूही आणि मीही मरायचं, तर तुझं बघू की माझं? माझ्यासाठी तू काही शिल्लकच ठेवत नाहीस, खुळे."

बघा म्हणजे! कोकरं, फॉन्ड, नॉटी, यःकश्चित, सगळी लढाई मी चुकीच्या मैदानात लढत होते. मी जुने शब्द गोळा करत बसले आणि हा पठ्ठ्या जिंकत होता कशानं, तर त्याला वाचता येत नाही म्हणून!

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. आई. दळण आणायचंय, लवकर ये, की असलंच काही. ताई म्हणाली, "हो हो, आलेच गं, आलेच." आणि फोन बाजूला ठेवून, पाय आणखी आवळून, डोकं भिंतीला टेकवून तिनं डोळे मिटले.

मी तिच्याकडे बघतच राहिले. आलेच म्हणाली, आणि तिचं बोटसुद्धा हललं नाही. जिला यायचंच नाही तीच म्हणते ना, आलेच? गाडी खाली उभी आहे आणि बाईंना गढी सोडायचीच नाहीये! आणि आ-लेच, अ-नॉन, तोंड तितकंच उघडतं, तितकाच वेळ! मी आत पळाले आणि होतं ते सगळं खोडलं. खचित गेलं, किमपि गेलं. बाई बहिणीला काय सांगेल? खिडकी लावून घे, वारा येतोय. माझी शाल तू घे, ती त्यांना देऊ नकोस. रडतेस काय, खुळी कुठली. आणि हाक आली की, आलेच गं, आलेच.

लिहून झालं आणि मग मोठा प्रश्न. कच्चं. मी सपाट वाचायला बसले. एकदा वाचलं, रडू आलं. पुन्हा वाचलं, न रडायचा अभिनय आला. बटणदादा म्हणाले, "मीटरचे आकडे म्हणजे कसे, मी दाखवू का?" मला जमेना. मला सपाट होताच येत नाही, तुम्ही ओळखता ना मला.

मग मी काय केलं असेल? हो. गेले त्याच्याकडे. पान त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "हे वाच. माझं कच्चं तू कर."

त्यानं हात पुसले, पान घेतलं, वाचलं. मला वाटलं आता उशीचा अभ्रा सुटणार. पण त्यानं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "मला हा अर्थ माहीत होता," तो म्हणाला. "मीच सांगितला होता सगळ्यांना." आणि त्याचं तोंड, काय सांगू, आरशात मी महिनाभर जे तोंड बघत होते ना, अगदी तेच! इतकं बरं वाटलं मला! मी म्हटलं, "वाचतोस की नाही?"

"नियम आहे ना, ज्याचं त्यानं वाचायचं."

"सरांना मी विचारते."

पुन्हासर म्हणाले, कुणीही वाचा, पण आज संपवा.

त्यानं वाचलं. मी ऐकायला गेले नाही, जाववलं नाही. ताई आत गेली, सफरचंद चावलं, डोळे मिटले, मान डावीकडे कलली. आणि बोलली. खिडकी लावून घे. शाल तू घे. मी तुम्हाला कसं सांगू, माझेच शब्द, मी नुकतेच लिहिलेले, आणि मला ते कुणीतरी पहिल्यांदाच सांगितल्यासारखे वाटले. मग खालून हाक. ताई थांबली. एक आवंढा गिळला, तो ऐकू आला, आणि मग अगदी हलकं, "आलेच गं, आलेच."

बटणदादांनी हात बटणावरून उचलून मांडीवर ठेवले. पुन्हासर उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "झालं." झालं! हा शब्द त्यांना येतो हे आम्हाला माहीतच नव्हतं. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पुढची मालिका तुझी."

मी जिंकले! मी उड्या मारणारच होते, तेवढ्यात ताई बाहेर आली आणि सर तिला म्हणाले, "सगळं लिहिलेलं ठीक आहे, पण तो आवंढा! तो कुठून आणलास?"

ताईनं डाव्या कानाला हात लावला. "इथून. त्यानं गिळला, म्हणून मीही गिळला."

मी तडक खोलीत गेले, हेडफोन लावले आणि बटणदादांना म्हटलं, लावा. सपाट होतं. खरंच, विजेचं मीटर. खिडकी लावून घे, शाल तू घे, सगळं एका ओळीत वाळत घातल्यासारखं. आणि हाक आल्यावर एकदम काहीच नाही. मग घशातला तो आवंढा, स्पष्ट. आणि मग पुन्हा सपाट, आलेच गं, आलेच.

म्हणजे अख्ख्या प्रसंगातली सगळ्यात चांगली जागा, जिथं सगळे गार झाले, ती मी लिहिलेलीच नाही! त्याची! माझ्या ओळींच्या मधे घुसून बसलाय तो, आणि आता ही मालिका जेव्हा जेव्हा लागेल तेव्हा माझ्या ताईच्या गळ्यात तो आवंढा राहणार.

बाहेर आले तर तो अभ्र्यात शब्दकोश घालत होता. मी समोर उभी राहिले. "तू तिथं गिळलास का?"

"काय?"

"आवंढा. मी लिहिला नव्हता."

तो कानापर्यंत लाल झाला. "मी मुद्दाम नाही केलं. तुम्ही लिहिलंतच तसं. मी काय करू?"

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता ना? झालाही. आणि तरी इथं, बरोबर इथं, काहीतरी टोचतच होतं, अजूनही टोचतंय. मी म्हटलं, "हे बघ, पुढच्या मालिकेचंही कच्चं तूच कर, मला दुसरा इलाज नाही. पण मधे कुठं गळा दाटला ना, तर आधी येऊन मला विचारायचं. मी हो म्हटलं तरच गिळायचा."

आणि तो मान डोलावून म्हणतो काय, "चालेल, तसं आपल्या ताईंना सांगून ठेवतो."